पाण्याचे दोन काठ

दिवाळीची चार दिवस सुटी मिळाली की मुंबईचा माणूस समुद्राचा किनारा शोधू लागतो. कोणी अलिबागेस जातो, कोणी हर्णैचे बंदर पाहून येतो, ज्याच्या खिशात जरा अधिक बळ असते तो थेट मालवण गाठतो. आम्ही माणदेशची माणसे मात्र समुद्राकडे पाठ करून घाट चढतो आणि जिथे ढगसुद्धा रिकाम्या हाताने येतात त्या आमच्या मुलखात जाऊन पोहोचतो. यंदाही तसेच ठरले, तेव्हा माझ्या आठ वर्षांच्या मुलीने विचारले, "बाबा, तिथे समुद्र आहे का?" मी बोलण्याच्या भरात म्हणून गेलो, "आहे की! चांगला दिवसभर किनाऱ्याने हिंडवतो तुला."

लेकराला दिलेला शब्द पाळावाच लागतो. दहिवडीस मामांच्या घरी पोहोचल्यावर मी माझी अडचण त्यांच्या कानावर घातली. मामांचे वय ऐंशीच्या घरात. त्यांनी पानाला चुना लावता लावता क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग राजेवाडीच्या तळ्यावर घेऊन जा की तिला. पण आधी शिखरावर चल. पाण्याची गोष्ट सांगायची तर वरनं सुरू करावी." दुसऱ्या दिवशी पहाटे मामेभावाच्या मोटारीतून आम्ही चौघे निघालो.

वाचकांपैकी ज्यांनी माण तालुका पाहिला नसेल त्यांना एवढेच सांगतो, की सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर आहे आणि दुसऱ्या टोकाला माण. महाबळेश्वरी वर्षाला पाचसहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. आमच्याकडे पाचशेच्या आसपास पडला तर म्हातारी माणसे साल बरे गेले म्हणतात. सह्याद्रीच्या भिंतीपाशी ढग आपला भार उतरवून ठेवतात आणि हलके होऊन आमच्या डोक्यावरून पूर्वेला निघून जातात. एकाच जिल्ह्याच्या, एकाच कलेक्टराच्या कारभारातली ही दोन टोके. पण एका टोकाला छत्री हे घरातले माणूस, तर दुसऱ्या टोकाला घागर.

या मुलखाला नाव मिळाले ते माणगंगेवरून. कुळकजाईच्या बाजूला सीतामाईच्या डोंगरात ती उगम पावते, दहिवडी, म्हसवड करीत आग्नेयेस उतरते आणि पुढे पंढरपूरच्या खाली भीमेला मिळते. वर्षातले कित्येक महिने तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू आणि वाळूपेक्षा बाभळी अधिक दिसतात. तरी आम्ही तिला गंगा म्हणतो. ज्याच्या घरी जे दुर्मिळ त्याला तो मोठे नाव देतो, यात नवल नाही.

सूर्य वर येण्याच्या आत आम्ही शिखर शिंगणापूरच्या पायथ्याशी आलो. शंभू महादेवाची ही डोंगररांग म्हणजे आमच्या मुलखाचा आढा. उत्तर उताराचे पाणी नीरेकडे जाते, दक्षिण उताराचे माण आणि येरळा या नद्यांना. माणेचे पाणी भीमेत जाते, येरळेचे कृष्णेत, आणि भीमाही शेवटी कृष्णेलाच मिळते. म्हणजे शिखरावर शेजारी शेजारी पडलेले पावसाचे दोन थेंब शेकडो मैलांचा वळसा घालून पुन्हा भेटायचे. मामांनी हे मुलीला समजावून सांगितले तेव्हा तिने विचारले, "मग ते एकमेकांना ओळखतात का?" मामा नुसते हसले.

शिखरावरच्या देवळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. गावाचे नाव यादवांच्या सिंघण राजाशी जोडले जाते. भोसले घराण्याचे हे दैवत. शहाजी, शिवाजी आणि संभाजी या तिघांची स्मारकेही येथे दाखवतात. पण मला त्या दिवशी देवळापेक्षा देवळाखालच्या तळ्याचे अप्रूप अधिक वाटले. इ. स. १६०० च्या सुमारास शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी ते बांधविले. यात्रेला आलेल्या माणसांचे पाण्यावाचून हाल होत, ते मालोजींना पाहवले नाहीत, असे परंपरा सांगते. मालोजी तेव्हा कोणी मोठे सत्ताधीश नव्हते. निजामशाहीतले एक सरदार. ज्या घराण्याने पुढे राज्य उभे केले त्याने आमच्या मुलखात आधी तळे उभे केले, ही गोष्ट शाळेतल्या पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. दुष्काळी माणसाला मात्र ती ओळ वाचून थांबावेसे वाटते.

देवळाच्या उत्तरेला मुंगी घाट आहे. कड्यावर उभे राहिले की खाली नीरेच्या बाजूचा सपाट मुलूख दूरवर पसरलेला दिसतो आणि पायाखालची वाट पाहून छातीत धस्स होते. चैत्र शुद्ध द्वादशीला याच वाटेने कावडी वर चढतात. त्यात मानाची कावड भुतोजी तेल्याची; ती सासवडकडून कऱ्हेचे पाणी घेऊन येते. माणसांच्या साखळ्या करून, एकमेकांच्या खांद्यावर भार देत, जड कावड त्या खड्या चढणीने वर नेतात आणि ते पाणी महादेवाला घालतात. मामांनी तरुणपणी कावडीला खांदा दिला होता. ते म्हणाले, "देवाला पाणी घालायचं तर ते डोंगराखालनं आणावं लागतं, तेही दुसऱ्या नदीचं. आमच्या देवालासुद्धा बाहेरचंच पाणी!" तेव्हा मला ते बोलणे विनोदाचे वाटले. संध्याकाळी ते पुन्हा आठवायचे होते.

डोंगर उतरून दहिवडीवरून आम्ही म्हसवडच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ज्वारी गुडघाभर वाढली होती. मधूनच हिरवी बाग, पुन्हा माळ, माळावर मेंढरे आणि खांद्यावर घोंगडे टाकलेला धनगर. व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी'त दाखवलेला हाच मुलूख. लवकरच गोंदवले आले. ब्रह्मचैतन्य महाराजांच्या दर्शनाला आजही लांबलांबून माणसे येतात. १८७६-७७ च्या दुष्काळात महाराजांनी भुकेल्या माणसांना आपल्या शेतावर कामाला लावून जेवू घातले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. महाराज तेव्हा तीस-बत्तीस वर्षांचे होते.

त्या दुष्काळाचे नाव निघाले की मामांचा आवाज बदलतो. त्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांच्या वडिलांनीही नाही. पण काही दुष्काळ जमिनीसारखे वारसाने येतात. १८७६ चा पाऊस दख्खनभर फसला. दाणा महाग झाला, गुरे कवडीमोलाने गेली, गावे ओस पडली. सरकारने कामे काढली. नीरेचा डावा कालवा, आष्टीचा तलाव, आणि आमच्याकडे माणगंगेवर राजेवाडीचे धरण, ही त्याच काळातली नावे. उपाशी माणसाने माती वाहायची आणि त्याबद्दल पोटापुरते मिळवायचे, असा तो व्यवहार होता. पण पोटाला किती पुरते हे ठरवणारा स्वतः उपाशी नव्हता. १८७७ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपलने हिशेब मांडला, की कष्ट करणाऱ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढे पुरे. त्याच वर्षी तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नरही झाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे मुख्यत्वे सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांच्या खटपटीने, या अपुऱ्या मजुरीविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव कटगुण, आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यातले; त्यांनी आणि सत्यशोधक समाजाने त्याच वर्षी पुण्याजवळ धनकवडीस दुष्काळातल्या मुलांसाठी अन्नछत्र चालवले. इतिहासात ही मोठी नावे राहिली. माती वाहणाऱ्यांची नावे राहिली नाहीत.

बारा वाजता म्हसवड आले. माणगंगेच्या काठी सिद्धनाथाचे जुने देऊळ आहे. दर्शन घेऊन आम्ही नदीकाठच्या लिंबाखाली भाकरी सोडली. कार्तिकातली नदी, पात्रात चार ठिकाणी पाणी चमकत होते. म्हसवड हे माने देशमुखांचे गाव, आणि त्यामुळे संताजी घोरपड्यांची आठवण येथे टळत नाही. ज्या सेनापतीच्या नावाने मोगलांचे नामांकित सरदार हादरत, तो १६९७ साली आपल्याच माणसांशी बिनसून, थोड्या सोबत्यांनिशी या शंभू महादेवाच्या डोंगरात हिंडत होता. तेथे म्हसवडच्या नागोजी मान्याने त्याला गाठून मारले. तपशिलाबद्दल जुन्या लेखकांत एकमत नाही. मोगलांकडच्या हकिकतीप्रमाणे संताजी एका ओढ्यावर स्नान करीत होता. नागोजीच्या मेव्हण्याला संताजीने पूर्वी हत्तीच्या पायी दिले होते, त्याचा हा सूड. शिर बादशहाकडे गेले. औरंगजेबाची छावणी तेव्हा भीमाकाठी ब्रह्मपुरीस होती, म्हणजे हीच माणगंगा जिकडे उतरते त्या मुलखात.

मला या कथेतला ओढा विसरता येत नाही. कोकणात पळणाऱ्या माणसाला पाण्यासाठी एका जागी यावे लागत नाही. तेथे पावलोपावली झरा आहे. माणदेशात मात्र जूनच्या तोंडावर पाणी कोठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. ज्याला तुम्हांला गाठायचे आहे त्यालाही.

तिसऱ्या प्रहरी आम्ही राजेवाडीच्या धरणावर गेलो. राजेवाडी सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात; तळ्याचे वरचे अंग साताऱ्याच्या माणमध्ये; आणि खाली थोडे गेले की सोलापूर जिल्हा. तीन जिल्ह्यांच्या शिवेवर हे पाणी पसरले आहे. मोटार खाली ठेवून आम्ही बांधावर चढलो. मुलगी पुढे पळत गेली आणि वर पोहोचताच ओरडली, "बाबा, समुद्र!"

खरोखर, नजर पोहोचेल तिथवर पाणी. पाऊस बरा झाला होता, तळे बरेच भरले होते. पूर्वेचा वारा सुटला होता आणि दगडी अस्तरावर लहान लहान लाटा आपटत होत्या. दूरवर पांढऱ्या पक्ष्यांची रांग होती. थंडी वाढली की येथे रोहितही उतरतात. बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायला आम्हांला चांगला अर्धा तास लागला. हे सारे यंत्रावाचून, पाट्या आणि फावडी यांच्या बळावर उचललेले. दुष्काळात सुरू झालेले काम पुढच्या दशकात पुरे झाले. चालताना मी मुलीला सांगितले, की या बांधातली माती तुझ्या आजोळच्या माणसांनी डोक्यावर वाहिली आहे.

मामांची पणजी तेव्हा दहा वर्षांची होती. आईबरोबर ती कामावर आली. आई पाटी वाही, ही धाकट्या भावाला सांभाळून जमेल तेवढी माती ओढी. भाऊ कामावरच गेला. त्याला कोठे पुरले हेही पुढे सांगता येईना, कारण बांध वाढत गेला आणि खुणेची बाभळ मातीखाली गेली. पणजीने हे आपल्या सुनेला सांगितले आणि त्या सुनेने, म्हणजे मामांच्या आजीने, मामांना. आमच्या आजोळी भरल्या ताटावर कोणी अन्न टाकले की म्हणायची रीत होती, "राजेवाडीची आठवण ठेव." आणि त्याला जोडून दुसरे वाक्यही येई. "माती आपली, मढी आपली, अन् पाणी सोलापूरचं!"

कारण धरण येथे झाले, जमिनी येथल्या बुडाल्या, आणि कालवा गेला तो खाली सोलापूर जिल्ह्याच्या बाजूला, सांगोल्याकडच्या शिवारांना. ही तक्रार मी लहानपणापासून ऐकत आलो. इतिहासाचा नाद लागल्यावर ती मला अन्यायाचा पुरावाच वाटू लागली होती. लेख लिहायचा तर तो याच विषयावर, असे मी मनाशी योजूनच निघालो होतो.

बांधाच्या दुसऱ्या टोकाला एक वृद्ध गृहस्थ पाण्याकडे पाहत बसले होते. डोक्याला पटका, हातात काठी. मामांनी राम राम घातला. "कुठलं गाव, पावनं?"

"सांगोल्याकडचं. हितं लेक दिलीया. दिवाळीला आलोय."

मामांच्या तोंडून ते नेहमीचे वाक्य निसटलेच. "म्हंजी आमचं पानी पिनारं तुमी!"

गृहस्थ रागावले नाहीत. काठीने बांधाची माती टोकरीत म्हणाले, "पानी कुठलं वो! हे तळं भरतंय चारपाच सालातनं एकदा. भरलं तर येतंय. आन् आमचं म्हनाल, तर माझ्या आज्याचा बाप बी ह्याच बांधावर व्हता. सगळं गाव आल्यालं कामाला. निम्मं माघारी गेलं. आमच्याकडं म्हनत्यात, बांधाला मानसं लागली, पान्याला फकस्त उतार लागला."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी चंची सोडली, पान लावले आणि त्या गृहस्थांपुढे केले. मग दोघे म्हातारे बराच वेळ जोंधळ्याविषयी, लेकीच्या सासरच्यांविषयी आणि गुडघ्यांविषयी बोलत बसले.

मी मुलीला घेऊन पाण्याच्या कडेकडेने चालत गेलो. पाणी मागे हटते तशी जी ओली जमीन मोकळी होते, तिच्यात लोक पेरतात. तिला गाळपेर म्हणतात. ज्यांची शेते बुडाली त्यांच्यापैकी काहींच्या वंशजांना तळे आटले म्हणजे जमिनीचे तोंड दिसते. म्हणजे एकाच्या दुष्काळात दुसऱ्याचे शेत वर येते. या किनाऱ्यावर भरती-ओहोटी चंद्राच्या हिशेबाने होत नाही, पावसाच्या हिशेबाने होते, आणि ओहोटी काही वेळा दोनदोन वर्षे टिकते. मुलीने चिखलात पाय बुडवले, शिंपले वेचले, आणि पाणी चाखून म्हणाली, "हा गोड समुद्र आहे."

मी इतकी वर्षे एकाच काठाचा इतिहास वाचला होता. मजुरीचा अन्याय खरा होता. एक पौंड धान्य ठरवणाऱ्यांचा हिशेब क्रूर होता, त्यात आजही काही बदल करावासा वाटत नाही. पण त्या अन्यायाचा वाटेकरी म्हणून आम्ही ज्याला धरले होते, तो आमच्याच शेजारी पाटी घेऊन उभा होता. त्याच्या घरातली माणसेही याच बांधात राहिली. सरकारच्या दप्तराने दोघांना दोन जिल्ह्यांत टाकले आणि आम्ही पाण्याची तक्रार त्या शिवेवर नेऊन ठेवली.

परतताना दिवस कलला होता. म्हसवडच्या अलीकडे एका ठिकाणी पाट भरून वाहत होता. मामेभावाने मोटार थांबवली. मुलीला पाय धुवायचे होते. कार्तिकात, या मुलखात, पाट भरून वाहावा हे माझ्या लहानपणी कोणी सांगितले असते तर आम्ही त्याला वेड्यात काढले असते. आता सातारा तालुक्यातल्या उरमोडी धरणाचे पाणी उचलून खटाव-माणच्या काही शिवारांत आणले आहे. अलीकडे कृष्णेचे पाणीही जिहे-कठापूर योजनेतून नेर तलावात आणि तेथून बोगद्याने आमच्या आंधळीच्या तलावात येऊ लागले. काही गावांनी पाण्याची वाट न पाहता माळावर चर खणले. आंधळीजवळच्या टाकेवाडीला २०१८ साली वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळाला. सगळ्या तालुक्याची तहान भागली असे नाही. पण मामांच्या चार एकरांपैकी दीड एकर आता भिजते आणि त्यात डाळिंब आहे.

मामा पाटाच्या कडेला उभे होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "उरमोडीचं धरण कुठंशी रं?"

"परळीच्या खोऱ्यात, सज्जनगडाच्या पायथ्याला," मी म्हणालो.

"तिथं गावं गेली असतील."

"गेली. जमिनीही गेल्या."

मामांनी ओंजळ भरून पाणी घेतले, डोळ्यांना लावले आणि पुन्हा पाटात सोडले. "म्हंजी तिकडं बी कुणीतरी भरल्या ताटावर आपलं नाव घेत असंल," ते म्हणाले. "सकाळी म्या म्हनलो न्हवं, आमच्या देवाला बी भायेरचंच पानी? ते आनायला खांदा लागतोय. खांदा कुनाचा, तेवढं इसरू न्हाई म्हंजी झालं."

मालोजीराजांचे तळे, राजेवाडीचा बांध आणि हा नवा पाट यांच्या वयांत शतकांचे अंतर आहे. एक सरदाराने भक्तांसाठी बांधले, एक परक्या सरकारने उपाशी माणसांकडून बांधून घेतले, आणि एक आपल्याच राज्यात झाले. तिन्हींचे पाणी सारखेच निवळ दिसते. कोणाची माती त्यासाठी खणली, कोणाचे घर बुडाले, हे पाण्यात डोकावून कळत नाही. ते काठावर बसलेल्या माणसाला विचारावे लागते, आणि तेही दोन्ही काठांवर.

घरी पोहोचलो तेव्हा अंगणात पणत्या लागल्या होत्या. मामींनी ताटे वाढली. मुलगी पेंगुळली होती. पहिल्या घासालाच तिने भाकरीचा तुकडा बाजूला सारला. मी मामांकडे पाहिले. ते नेहमीचे वाक्य आता येणार, पहिले आणि त्याला जोडून दुसरेही. मामा म्हणाले, "राजेवाडीची आठवण ठेव, बाळा." मग थोडे थांबून त्यांनी स्वतःशीच म्हटल्यासारखे जोडले, "अन् परळीची बी."

दुसरे जुने वाक्य त्या दिवशी त्यांनी म्हटले नाही.